शंभरातले सात

त्या आठवड्यात काकूच्या घरी बसायचं म्हणजे आधी बाटल्या उचलाव्या लागत. खिडकीच्या कट्ट्यावर, फ्रिजवर, चपलांच्या कपाटावर बाटल्या आडव्या निजवलेल्या होत्या. प्रत्येकीत निळं पाणी, प्रत्येकीच्या तोंडाखाली टिपकागदाचा पांढरा चौकोन. सकाळी उठल्याबरोबर काकू आधी ते चौकोन बघायची, चहा नंतर.

काका शाळेची बस चालवतात. निघताना बुटाची नाडी बांधायला त्यांना स्टूल हवं असायचं आणि स्टुलावर चार बाटल्या झोपलेल्या असायच्या.

"मोरीतला नळ दोन महिने टिपटिपतोय," ते मला म्हणाले, "आणि आमची बाई जगाची गळती थांबवायला निघालीय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"नळाचं ड्रॉइंग माझं नाही," काकू कागदावरची नजर न काढता म्हणाली.

काकू एका कारखान्यात लोशनच्या बाटलीवरचा पंप तयार करते. तयार करते म्हणजे कागदावर. आपण वरून दाबतो आणि तळहातावर वाटाण्याएवढं लोशन येतं, तो पंप. त्यात दट्ट्या असतो, स्प्रिंग असते, बाटलीच्या तळापर्यंत गेलेली नळी असते, आणि हे सगळं बाटलीवर धरून ठेवणारं टोपण असतं. मी आयुष्यात शेकडो वेळा असे पंप दाबले असतील. त्यांचा कोणी विचार करत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

काकूने त्याआधी अकरा वर्षं त्याच कारखान्यात जुळणीच्या टेबलावर काढली. लांब टेबल, आठ बायका, प्रत्येकीपुढे सुट्या भागांचं तबक. काकूकडे वॉशर होता. टोपणाच्या आत बसणारी ती मऊ, पातळ चकती. ती बाटलीच्या गळ्यावर दाबून बसते म्हणून लोशन बाहेर येत नाही. चिमटीत उचलायची, टोपणात टाकायची, अंगठ्याने दाबायची. दिवसाला चार हजार. दोन बायकांचं भांडण झालं की काकू त्यांच्या मधली खुर्ची घ्यायची आणि दोघींचा आवाज बंद व्हायचा, म्हणून टेबलावर तिचंच नाव वॉशर पडलं. अजूनही तिला तिथे त्याच नावाने हाक मारतात.

एकदा एक खोकं परत आलं. नऊ बाटल्यांत वॉशरच नव्हता आणि चारांत दोन-दोन एकाला एक चिकटून बसले होते. वॉशर काकूकडे, तेव्हा चूक कोणाची हे उघड होतं. पण टेबलावरच्या सगळ्यात वडील बाई, ज्यांना साहेबांपासून सगळे वहिनी म्हणतात, उठून म्हणाल्या, "माल टेबलाचा आहे. लिहायचं तर आठ जणींची नावं लिहा." आठ जणींनी सही केली.

त्या दिवशी जेवताना काकू भाताची शितं बोटाने एकेक वेगळी करत होती, असं काका सांगतात. मग म्हणाली, "चार हजारांत नऊ वेळा हात विसरला. हात विसरणारच. वस्तूच अशी पाहिजे की विसरायला जागा नको."

पुढच्या महिन्यात तिने संध्याकाळच्या ड्रॉइंगच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळ्यांत मोठी तीच. तीन वर्षांत ती साच्यांची ड्रॉइंग काढायला शिकली आणि काका भात लावायला शिकले. काकांची प्रगती तिथेच थांबली. काकूला मात्र कारखान्यात जिन्याखाली एक टेबल मिळालं. उठताना डोक्याला जिना लागायचा, तरी टेबल स्वतःचं होतं.

त्या टेबलावर तिने वॉशर नसलेला पंप काढला. टोपणाच्या आतच, टोपणाबरोबर एकाच साच्यातून निघालेली एक पातळ, लवचीक कड. ड्रॉइंगमध्ये तिला ओठ म्हणतात. टोपण फिरवत नेलं की ओठ बाटलीच्या गळ्यावर टेकतो, किंचित वाकतो आणि घट्ट बसतो. टाकायची चकतीच नाही, तेव्हा विसरायची चकतीही नाही. साहेबांना कल्पना पटली. साचा झाला. नवे पंप जुळून टेबलावरून बाहेर पडू लागले आणि त्यांतले काही गळू लागले.

माझी परीक्षा संपून मी रिकामी होते. "तुझं अक्षर बरं आहे," काकू म्हणाली, "चाचणीच्या बाटल्यांवर आकडे घालायला चल." म्हणून दुसरी चाचणी मी डोळ्यांनी पाहिली. तपासणीचे प्रमुख उंच आणि सरळ होते, मधे कुठेही न वाकणारे; त्यांना त्यांच्या माघारी फूटपट्टी म्हणत. त्यांनी शंभर बाटल्या काचेच्या झाकणाच्या डब्यात टिपकागदावर ओळीने आडव्या लावल्या, झाकण लावलं आणि डब्यातली हवा ओढायला सुरुवात केली. बाहेरची हवा कमी झाली की आतलं पाणी फट शोधू लागतं. दहा मिनिटं थांबायचं. झाकण उघडलं तेव्हा कागदावर सात निळे ठिपके होते. पहिल्या चाचणीतही सातच.

"दोनपर्यंत चालतात," फूटपट्टी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसायची सोय नव्हती.

साहेबांनी काकूला तिथेच सांगितलं, "शुक्रवारी गिऱ्हाईकाचा माणूस येतोय. त्याच्यासमोर तिसरी चाचणी. दोनच्या वर एक जरी गळली तरी आपण बाहेरून तयार पंप मागवू. मग जिन्याखालचं टेबल ठेवून काय करायचं? तुम्ही तपासणीला या, ह्या फूट... ह्यांच्या हाताखाली."

तो शनिवार होता.

घरी आल्यावर काकूने सातही बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. साच्याच्या आठ घरांतून एका वेळी आठ टोपणं निघतात आणि प्रत्येकाच्या आत, कुठल्या घरातून निघालं त्याचा बारीक आकडा असतो. एखादं घर बिघडलं असेल तर सगळी गळकी टोपणं त्याच आकड्याची निघायला हवीत. मी वाचत गेले: दोन, पाच, आठ, पाच, एक, तीन, सात.

"एका घरातले नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत," काकू म्हणाली. तिचा आवाज मला खुशीतला वाटला. टेबल जायची वेळ आली होती आणि ही बाई कोडं सापडल्यासारखी बसली होती.

तिने गळे मोजले. ओठाची जाडी मोजली. टोपण किती जोराने फिरवलं आहे, ते लहानशा काट्यावर पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. मग तिने एक गोष्ट सांगितली, जी तिला दोन दिवस टोचत होती. साचा नवा असताना तिने आणि साचे बनवणाऱ्या उस्तादांनी कार्यशाळेत उभ्या उभ्या चाळीस पंप बसवून पाहिले होते. उस्तादांचे हात कायम काळे. त्या चाळिसांतला एकही गळला नव्हता.

"तेलकट हातांचं तेल लागलं असेल ओठाला," मी म्हटलं. "त्यानंच फट बुजली असेल."

"मलाही तेच वाटलं. म्हणून काल हात साबणाने धुऊन आणखी चाळीस बसवले. ते बघ, फ्रिजवर. एकही ठिपका नाही."

"मग चूक जुळणीच्या टेबलावर आहे."

काकूने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. "टेबलावर आहे म्हण. चूक आहे, असं आत्ताच नको म्हणूस."

सोमवारी ती जिन्याखाली गेलीच नाही. निळा अंगरखा घालून जुळणीच्या खोलीत गेली आणि वहिनींच्या शेजारची खुर्ची ओढली. मी दाराशी स्टुलावर.

"आल्या ऑफिसातून!" पलीकडून एक जण म्हणाली. "खुर्ची झटकून देऊ का, बाईसाहेब?"

"हात चालतात का अजून, की पेन्सिल धरून वाकडे झाले?"

"ह्या वॉशरनं स्वतःचाच वॉशर काढून टाकला गं. अशी बाई पाहिली नव्हती बाई."

काकू हसत होती आणि बघत होती. बायकांचे हात इतके भराभर चालत होते की मला ते वेगळे दिसेनात. दट्ट्या, स्प्रिंग, नळी, टोपण. टोपण हातात घेतल्यावर वहिनींचा अंगठा क्षणभर टोपणाच्या आत जाऊन यायचा. माझी नजर त्याच्यावरून दोनदा घसरली. काकूची थांबली.

"वहिनी, हे काय करताय?"

"पुसतेय." वहिनींच्या अंगठ्याभोवती पांढऱ्या कापडाचा तुकडा होता. "ही टोपणं मशीनमधून येतात ना, त्यांच्यावर बारीक धूळ असते."

"सगळाच माल पुसता?"

"तर! एवढा वेळ कुणाला आहे? फक्त तुझा. म्हटलं, आपल्या पोरीचा पहिला माल आहे, कुणी नाव ठेवायला नको. घरची जुनी चादर होती, मऊ झालेली. धुतली, वाळवली, आठ तुकडे केले." त्यांनी तुकडा काकूपुढे धरला. "बघ, लोण्यासारखं कापड आहे."

काकूने तो बोटांत चोळला. "खरंच मऊ आहे," एवढंच म्हणाली. मग आणखी अर्धा तास तिथे बसून तिने पंप जुळले, जणू उठायची घाई नव्हतीच. उठताना म्हणाली, "हा तुकडा मी नेऊ?"

"ने की. नाक पुसायला का?"

उस्तादांच्या बाकावर तिने गळक्या टोपणांतलं पहिलं टोपण पात्याने उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं. टोपण हळूहळू फिरवत राहिली. मग माझं मनगट धरून मला ओढलं. "बघ. बघ ना."

पांढऱ्या ओठाखाली एक पांढरा धागा आडवा पडला होता. पापणीच्या केसापेक्षा बारीक. एक टोक आत, एक टोक बाहेर, आणि तो पांढरा उरला नव्हता. आतल्या टोकापासून बाहेरपर्यंत निळा होत आला होता. दिव्याची वात तेल ओढते तसं त्याने बाटलीतलं पाणी ओढून बाहेर आणलं होतं. ओठाने आपलं काम केलं होतं, गळ्याने केलं होतं, आणि दोघांच्या मधून एवढासा धागा वाट काढून गेला होता. सातही टोपणांत धागा निघाला. एकात दोन.

उस्ताद, काकू आणि मी आळीपाळीने त्या भिंगाशी खेळत राहिलो. मग फूटपट्टी आले, त्यांनीही पाहिलं आणि खिशातून पेन काढलं.

"सोपं झालं की. कापड बंद. मी नोंद करतो: हाताळणीतली चूक. आठ जणींच्या नावे."

"थांबा," काकू म्हणाली.

"का? चूक सापडली तर लिहायची नाही?"

"लिहायची. कुणाची ते आधी ठरवू द्या."

साहेबांच्या खोलीत मी दाराशी उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "कापड बंद केलं की शुक्रवारी पास."

"हो. पास होईल."

"मग?"

"शुक्रवारी होईल. पण पंप आपल्याकडे राहणार नाहीत. गिऱ्हाईकाकडे लोशन भरताना पुन्हा टोपण निघतं, पुन्हा बसतं. तिथे कुणी कापड घेतलं तर? कापड सोडा, अंगावरच्या सदऱ्याची बाही लागली तर? एका धाग्याने गळणारा पंप मी चांगला कसा म्हणू?"

"तुम्हाला काय हवंय?"

"ओठाच्या आत दुसरा ओठ. अरुंद, टोकदार. धागा सापडला तर त्याला गळ्यावर चेपून टाकेल असा."

साहेब थोडा वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "साचा कापायचा? आज सोमवार आहे. कापताना बिघडला तर शुक्रवारी दाखवायला आहे तोही पंप राहणार नाही."

"माहीत आहे."

"हातात आलेलं पास तुम्ही स्वतःच नापास करताय. वर लिहून द्याल?"

"तेच लिहायचं होतं," काकू म्हणाली आणि फूटपट्टींनी माझ्याकडे दिलेला नोंदीचा कोरा कागद तिने मागून घेतला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: रचनेतला दोष, ओठ धागा सहन करत नाही. खाली स्वतःची सही. आठ सह्यांच्या जागेत ती एकटीच सही होती.

उस्तादांनी कपाळाला हात लावला. "ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण." पण साचा उघडून ते त्याच्यावर वाकले ते वाकलेच. मला त्यांनी समजावलं. साचा म्हणजे वस्तूचं उलटं रूप. साच्यातलं पोलाद कोरून काढलं की तेवढं प्लास्टिक वाढतं. दुसरा ओठ हवा तर पोलादात तेवढी बारीक खाच कोरायची. "काढता येतं, परत घालता येत नाही. केसभर जास्त गेलं की संपलं. आठ घरं, आठ वेळा श्वास धरायचा."

वहिनींना सांगायचं काम राहिलं होतं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत काकूने भिंग आणि चिरलेलं टोपण त्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. वहिनींनी पाहिलं. डब्याचं झाकण लावलं. पुन्हा पाहिलं.

"म्हणजे आमच्यामुळे?"

काकूने भिंग उचलून खिशात घातलं.

"पहिल्या चाचणीपासून?"

"हो."

"जीव लावला तर हे असं." वहिनींचा आवाज बारीक झाला. मग त्या एकदम म्हणाल्या, "आणि काय गं, एवढ्याशा धाग्याला घाबरतं ते कसलं टोपण? नाजूक राजकन्या!"

"तेच साहेबांना लिहून देऊन आले, वहिनी."

"काय लिहून दिलंस?"

"टोपण नाजूक आहे म्हणून. साचा कापायला घेतलाय."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. "आणि नाही जमलं तर?"

"तर तपासणीला."

"फूटपट्टीच्या हाताखाली?" पलीकडची म्हणाली. "त्यापेक्षा जीव दे."

हसू फुटलं, तरी वहिनी हसल्या नाहीत.

बुधवार आणि गुरुवार उस्तादांनी जेवणही बाकावरच केलं. पाचव्या घराला त्यांचा हात थांबला, त्यांनी हत्यार खाली ठेवलं आणि दोन पेले पाणी प्यायले. काय झालं ते कुणी विचारलं नाही. गुरुवारी दुपारी साचा मशीनवर चढला आणि नवी टोपणं निघाली. आत बघितलं की एकात एक दोन वर्तुळं दिसायची, आतलं इतकं बारीक की उजेडाकडे धरावं लागे.

शुक्रवारी गिऱ्हाईकाचा माणूस आला. तरुण, कोरा सदरा, हातात वही. साहेब त्याला थेट जुळणीच्या खोलीत घेऊन आले. काकूने आठ जणींपुढे कापडाचे आठ नवे तुकडे ठेवले. चादरीचे नव्हेत, बाजारातला सगळ्यात हलका फ्लॅनेल, नुसता झटकला तरी तुसं उडणारा.

"पुसू?" वहिनींनी विचारलं.

"पुसा. रोज पुसत होतात त्याच्या दुप्पट."

"जीव घेतेस का आमचा? परवा म्हणालीस..."

"वहिनी, पुसा."

त्या माणसाने वही खाली केली. "हे मुद्दाम चाललंय?"

"मुद्दाम," काकू म्हणाली. "तुमच्याकडे जे चुकून होईल, ते इथे आधी करून बघतोय."

शंभर बाटल्यांवर मी आकडे घातले. फूटपट्टींनी त्या लावल्या, झाकण बसवलं, हवा ओढली. आठही बायका काम सोडून काचेभोवती उभ्या राहिल्या आणि साहेबांनी त्यांना काही म्हटलं नाही. काकू मात्र जवळ आली नाही. ती खिडकीशी पाठ करून उभी होती, दोन्ही अंगठे मुठीत धरून. त्या दहा मिनिटांत मला पहिल्यांदा कळलं की ती घाबरलेली होती, आणि सोमवारपासून होती.

झाकण उघडलं. बाटल्या एकेक करून उचलल्या. कागद पांढरा. पांढरा. चाळिसावी, पांढरा. एकेचाळिसावीखाली एक ठिपका. फूटपट्टी थांबले, मग पुढे गेले. शंभरावीपर्यंत बाकी सगळा कागद पांढरा होता.

"एक," ते म्हणाले. त्या आवाजाला मी आनंदच म्हणेन.

गिऱ्हाईकाच्या माणसाने वहीत लिहिलं, सही केली आणि साहेबांशी हात मिळवला. "हाच पंप घेऊ," तो म्हणाला. साहेब काकूकडे वळून म्हणाले, "जिन्याखाली अंधार फार आहे. टेबल वर खिडकीपाशी हलवायला सांगतो." पण काकूचं लक्ष नव्हतं. एकेचाळीस नंबर घेऊन ती उस्तादांच्या बाकाकडे निघालीसुद्धा होती.

आम्ही सगळे मागोमाग गेलो. टोपण चिरलं. दोन्ही ओठांत फ्लॅनेलची तुसं चेपून पडली होती, कोरडी. त्यांना ओलांडून एक लांब, चकचकीत रेघ आत गेली होती.

"हा धागा नाही," काकू म्हणाली. "केस आहे."

"काळा?" कुणीतरी विचारलं.

"पांढरा."

सात माना वहिनींकडे वळल्या.

"बघताय काय? साहेबांचेपण पिकले असतील!"

"त्यांना यातून वगळा," उस्ताद म्हणाले. "त्यांच्याकडे पुरावाच शिल्लक नाही."

साहेबांनी टकलावरून हात फिरवला आणि हसून बाहेर गेले. काकू भिंगावरून डोकं उचलायला तयार नव्हती. "धागा चेपला जातो आणि हा का नाही चेपला जात? गोल आहे म्हणून? की टणक आहे म्हणून? उस्ताद, दोन्ही कडांमधलं अंतर थोडं..."

"मी आज घरी जाणार," उस्ताद म्हणाले. "दोन चालतात, एक गळली. पुरे."

"चालते. पण का गळली?"

वहिनींनी तिच्याकडे बघितलं, डोक्यावरची टोपी मागे सरकवली, कानामागचा एक केस बोटाला गुंडाळून उपटला आणि तिच्या उघड्या तळहातावर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "पुरला नाही तर सांग. पिकलेला माल भरपूर आहे."